द्रष्टा, डोळा आणि मुदत

श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात, योगाभ्यासास बसलेल्या साधकाला ब्रह्मसाक्षात्काराच्या अगोदर जी रूपे दिसू लागतात त्यांची गणना केलेली आहे: धुके, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवा, वीज, स्फटिक आणि चंद्र. ज्या ऋषीने ही गणना केली त्याच्या अनुभवाविषयी शंका घेण्याचे मला काहीच प्रयोजन नाही. शतकानुशतके आपल्या देशातील साधक या खुणा उराशी बाळगून अंधारात बसत आले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या जीवनाने त्या अनुभवाची साक्षही दिलेली आहे. तथापि ज्याने एखाद्या नेत्रवैद्याच्या खोलीत बसून, डोळ्याचा पडदा सुटू लागलेल्या रोग्यांची कैफियत ऐकली असेल, त्याला ही गणना वाचताना थबकावे लागते. कारण रोगीही सांगतो ते हेच: काळोखात डोळ्याच्या कडेला वीज लखलखते, काजवे चमकतात, काजळीच्या धुरासारखे काही दृष्टीसमोर पसरते, आणि मग एका बाजूने छाया सरकू लागते. एक वाट परमार्थाची आणि दुसरी आंधळेपणाची; परंतु त्या वाटांवर पहिले पाऊल टाकणाऱ्या सामान्य माणसाला दोन्हीकडची चिन्हे जवळजवळ सारखीच दिसतात. यांत निवाडा कसा करावयाचा, तो कोणत्या प्रमाणाने करावयाचा, आणि मुख्य म्हणजे तो करावयास मुदत किती असते, हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही वाटतो.

हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा हे अत्यंत स्वाभाविक आहे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस मोडली, आणि त्यानंतर, पूर्वी याच संस्थानच्या चाकरीत १८९३ पासून १९०६ पर्यंतचा काळ घालवलेले अरविंद घोष पुन्हा या शहरात आले. १९०८ च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या सान्निध्यात ते सरदार मजुमदारांच्या वाड्यातील माडीवर तीन दिवस बसले आणि त्यांचे मन निःशब्द झाले, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. त्यातील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. लेल्यांनी त्यांना सांगितले ते असे की, विचार आपल्या मनात उपजतात असे आपण समजतो, पण ते बाहेरून येत असतात. प्रत्येक विचार आत शिरण्यापूर्वीच त्याला पाहावे आणि परतवून लावावे. म्हणजे बडोद्याच्या त्या माडीवर जी साधना झाली तिचा आरंभ श्रद्धेने डोळे मिटून घेण्यात नसून, जे जे समोर येईल त्याची दारातच चौकशी करण्यात होता. अंतर्मुख होणे याचा अर्थ तपास सोडून देणे असा कोणी करीत असेल, तर त्याने या उदाहरणाचा विचार करावा.

बडोद्याची दुसरी देणगी ग्रंथरूप आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२६ साली शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’, कमलशीलाच्या ‘पंजिके’सह, एंबार कृष्णमाचार्य यांच्या संपादनाने दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि आठव्या शतकातील एका बौद्ध पंडिताने भारतीय दर्शनांच्या जवळजवळ प्रत्येक सिद्धांताची घेतलेली झडती विद्वानांच्या हाती आली. त्या ग्रंथात प्रत्यक्षाचे लक्षण सांगताना, ते ज्ञान भ्रांतिरहित असले पाहिजे ही अट कशासाठी घातली, याचे कारण शांतरक्षित देतो: केशोंडुकासारखे ज्ञान प्रमाण मानले जाऊ नये म्हणून. केशोंडुक म्हणजे नेत्ररोग्याच्या डोळ्यांपुढे तरंगणारा केसांचा पुंजका. हे उदाहरण शांतरक्षिताचे एकट्याचे नव्हे. वसुबंधूने आपल्या ‘विंशतिके’च्या आरंभीच, बाह्य जग नसतानाही दिसते कसे हे पटवण्यासाठी, तिमिररोग्याला दिसणारे नसलेले केस पुढे केले. त्याहीपूर्वी सुश्रुताच्या उत्तरतंत्रात, दोष डोळ्याच्या दुसऱ्या पटलात शिरला असता रोग्याला माश्या, डास, केस आणि जाळी दिसतात असे नमूद झालेले आहे. तेव्हा ज्या काळ्या ठिपक्यांविषयी आज एखादी आजीबाई डॉक्टरांपुढे तक्रार करते, त्या ठिपक्यांवर आपल्या देशातील सूक्ष्मतम बुद्धीच्या माणसांनी कितीतरी शतके वाद घातलेला आहे.

आणि त्या वादात नेत्रवैद्यकाने दिलेला निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. डोळ्याच्या पोकळीत जो काचाभ द्रव असतो तो तारुण्यात दाट आणि एकजीव असतो. उतारवयात तो पातळ होतो, आकसतो, त्यातील तंतूंच्या गुठळ्या बनतात आणि तो मागच्या पडद्यापासून अलग होऊ लागतो. या गुठळ्यांची, किंवा फाटलेल्या रक्तवाहिनीतून झिरपलेल्या रक्तकणांची, सावली पडद्यावर पडते आणि माणसाला आपल्या समोर, आकाशात किंवा भिंतीवर, केस आणि माश्या दिसतात. म्हणजे केस नाहीत, पण काहीच नाही असेही नाही. आहे ते आत आहे आणि दिसते ते बाहेर. वसुबंधूसारख्या विज्ञानवाद्यांचे म्हणणे येथे अर्धे खरे ठरते, कारण आतले बाहेर भासते; परंतु ते आतले म्हणजे केवळ ज्ञानाचा आकार नसून हाताने दाखवता येईल असे एक द्रव्य आहे, आणि म्हणून एका ठिकाणचे सत्य दुसऱ्या ठिकाणी भासते असे म्हणणारा नैयायिक या एका उदाहरणापुरता तरी वसुबंधूवर मात करतो. भ्रमालाही विषय असतो. ज्याने आपल्या डोळ्यांपुढील माश्यांना ‘भास आहे’ म्हणून सोडून दिले त्याने खोटे काही म्हटले नाही, पण भासाचे कारण शोधण्याचे कर्तव्य मात्र त्याच्यावर तसेच शिल्लक राहिले.

लखलखणाऱ्या विजेची गोष्ट याहून निराळी. दृष्टिपटल, म्हणजे हाच मागचा पडदा, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे, आणि त्याला वेदना कळत नाही. काचाभ द्रव सुटताना जेथे पडद्याशी घट्ट जडलेला असतो तेथे त्याची ओढ बसते. आणि ज्या इंद्रियाला प्रकाशावाचून दुसरी भाषाच ठाऊक नाही ते ओढले गेले असता प्रकाशानेच ओरडते. बाहेर वीज नाही, आत दिवा नाही. आहे तो केवळ ताण. बहुतेकांच्या बाबतीत ही ओढ काही आठवड्यांत संपते आणि पुढे काही होत नाही. काहींचा पडदा मात्र त्या जागी फाटतो, पातळ झालेला द्रव त्या छिद्रातून पाठीमागे शिरतो, आणि ओल धरलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटत जावा तसा पडदा आपल्या आधारापासून सुटत जातो. ज्या पेशींनी प्रकाश टिपावयाचा त्यांचे पोषण पाठीमागच्या रक्तवाहिन्यांकडून होत असते. त्या आधारापासून तुटताच त्यांची उपासमार सुरू होते. दर दहा हजार माणसांत वर्षाकाठी सुमारे एकावर हा प्रसंग येतो. मोठा मायनस नंबर असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, डोळ्याला मार लागलेले, आणि ज्यांच्या घरात किंवा दुसऱ्या डोळ्यात हा विकार पूर्वी होऊन गेलेला आहे असे लोक त्यात अधिक.

आता बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या वाड्यात राहणारे, साठी उलटलेले, विद्यार्थिदशेपासून जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक सात्त्विक गृहस्थ कल्पावे. पहाटे काळोखात आसनावर बसले असता त्यांना उजव्या बाजूला तेजाची एक कमान चमकून गेलेली दिसते. इतक्या वर्षांच्या उपासनेला फळ येत आहे असे त्यांना वाटले, तर त्यात हसण्यासारखे काहीही नाही. परंपरेने त्यांना तसेच शिकवलेले आहे. त्यांचा स्वभाव अधिक विनयशील असला तर ते पित्ताचा विकार समजतील. दोन्ही रीतींनी परिणाम एकच, की ते कोणाला सांगणार नाहीत. पहिल्या रीतीत अनुभव उघड केला तर तो जातो म्हणून, आणि दुसरीत क्षुल्लक गोष्टीसाठी मुलाला कचेरीतून रजा घ्यावी लागेल म्हणून. पुढे चार दिवसांनी काजळी दिसू लागते. चातुर्मासातले व्रत पुरे झाले की दाखवू, नातीचे लग्न उरकले की दाखवू, असे म्हणत दिवस जातात. मला या गृहस्थांविषयी फार कळवळा वाटतो, कारण त्यांची चूक दुर्गुणातून निघालेली नसून सद्गुणांतून निघालेली आहे: सहनशीलता, अनाग्रह, दुसऱ्याला तसदी न देण्याची वृत्ती. ज्या वृत्तींचा आपण नित्य गौरव करतो त्याच येथे दृष्टीचा घात करतात.

त्यांनी काय करावयास हवे होते? प्रथम एक डोळा झाकून दुसऱ्याने आणि मग दुसरा झाकून पहिल्याने पाहावयास हवे होते. या साध्या क्रियेचे महत्त्व मीमांसकांच्या भाषेत सांगता येईल. कुमारिल भट्टाने अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, आणि त्याला अट अशी जोडली गेली की जी वस्तू असती तर अवश्य दिसली असती तिच्याच न दिसण्याला प्रमाणाचा दर्जा मिळतो. दोन्ही डोळे उघडे असले की एकाच्या दृष्टिक्षेत्रातील तूट दुसरा भरून काढतो; तेथे न दिसणेच दिसत नाही. एक झाकला की उरलेल्याची तूट उघड होते. छाया कोणीकडून येते तेही पाहावे, कारण पडद्यावरील प्रतिमा उलटी पडत असल्याने, पडद्याचा वरचा भाग सुटला असता छाया खालून चढते, आणि वरून सुटणारा पडदा द्रवाच्या भारामुळे अधिक वेगाने सुटत जातो. परंतु ही घरगुती परीक्षा स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी मुळीच नाही. फाटलेला पडदा प्रारंभी कोणतीही छाया टाकीत नाही. नवीन चमक, ठिपक्यांचा अकस्मात वर्षाव, किंवा कडेची छाया, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी करवून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. तेजाचे ते दर्शन खरोखरच ईश्वरी असेल तर ते या थेंबांनी विटाळणार नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेचे जे लक्षण दिले आहे, त्यात सर्व दुःखे सहन करावीत एवढेच म्हटलेले नसून, त्यांचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सहन करावीत असे म्हटलेले आहे. प्रतिकार न करता! मग डोळा जात असेल तर तो जाऊ द्यावा, द्रष्टा तर अविनाशी आहे, असे एखाद्या मुमुक्षूने म्हटले तर त्याला काय उत्तर आहे? हे लक्षण संन्याशासाठी आहे आणि गृहस्थाला लागू नाही, असे उत्तर देता येईल. ते खरे असले तरी मला पुरेसे वाटत नाही. अधिक मूलगामी उत्तर असे की तितिक्षेला विषय लागतो तो दुःखाचा, आणि सुटणारा पडदा दुखतच नाही. जेथे वेदना नाही तेथे सहन करावयाचे तरी काय? तेथे स्वस्थ बसणाऱ्याने काहीही सोसलेले नसते. त्याने केवळ आळस केलेला असतो आणि त्याला एका थोर गुणाचे नाव दिलेले असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत दीर्घसूत्रीपणा, म्हणजे आजचे उद्यावर ढकलणे, स्पष्टपणे गणलेले आहे, आणि मोहाने केलेल्या कर्तव्यत्यागालाही तामसच म्हटलेले आहे. शिवाय खरी तितिक्षा ज्याला करावयाची आहे त्याला तिची संधी शस्त्रक्रियेनंतर भरपूर मिळते: डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असला की अनेकांना कित्येक दिवस मान खाली घालून, पालथे पडून राहावे लागते, आणि तेथे चिंता व विलाप न करणे ही मोठीच साधना आहे. याच आचार्यपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या कांची कामकोटी पीठाचे जयेंद्र सरस्वती यांनी डॉक्टरांना सेवाभावाने रुग्णालय काढण्याचे आवाहन केले, आणि त्यातूनच बॉस्टनमध्ये चार्ल्स शेपेन्स यांच्याजवळ पडद्याची शस्त्रक्रिया शिकून आलेले डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ साली चेन्नईत शंकर नेत्रालय उभारले. अद्वैताच्या गादीवरून डोळा वाचवण्याचा हुकूम सुटला, त्यात मला सिद्धांताशी कोठेही विसंगती दिसत नाही.

प्रारब्धाचा आक्षेप याहून अधिक प्रचलित आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. १९२० च्या सुमारापर्यंत सुटलेला पडदा जवळजवळ असाध्य होता. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून रोग्याला आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवीत, आणि तरीही बहुधा दृष्टी जाई. त्या काळी ज्याने ‘माझे प्रारब्ध’ म्हटले त्याने वस्तुस्थितीचेच वर्णन केले. परंतु स्वित्झर्लंडातील लोझान शहरी झ्यूल गोनँ नावाचा एक नेत्रवैद्य वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत होता, की पडद्यातील छिद्र हा या रोगाचा परिणाम नसून तेच त्याचे कारण आहे. ते हुडकून काढावे, डोळ्यावर त्याची जागा नेमकी निश्चित करावी आणि तापलेल्या शलाकेने ते बंद करावे. समव्यवसायी लोकांनी त्याची दीर्घकाळ उपेक्षा केली. १९२९ साली अॅम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचे म्हणणे मान्य झाले, आणि १९३५ साली तो वारला. पुढे कुस्टोडिसने १९४९ साली डोळ्याच्या बाहेरून दाब देऊन छिद्र मिटवण्याची रीत काढली, शेपेन्सने पडद्याच्या कडेपर्यंत दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे उपकरण सिद्ध केले, आणि १९७० च्या सुमारास माखेमरने काचाभ द्रवच आतून काढून घेण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. आज पडदा नुसता फाटलेला असेल आणि सुटलेला नसेल, तर छिद्राभोवती लेसरचे टाके घालून रोगी त्याच दिवशी घरी जातो. सुटला असेल तरी दहांपैकी आठ-नऊ रोग्यांचा पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत पुन्हा जागेवर बसतो. तेव्हा प्रारब्धाची सीमा जेथे १९१० साली होती तेथे ती आज नाही. आपल्या शास्त्रकारांनीही ती कोठे कायमची आखून दिलेली नाही. योगवासिष्ठ तर पौरुषाची महती सांगताना थकत नाही, आणि समर्थांनी प्रयत्नाला जे स्थान दिले ते महाराष्ट्राला सांगावयास नको. प्रयत्न संपल्यावर जे उरते ते प्रारब्ध. मुदतीच्या आत ज्याने अर्जच केला नाही, त्याने अर्ज नामंजूर झाल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

मुदत हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व कामे त्याची. सुटणे अजून त्या बिंदूपर्यंत पोचलेले नसेल तर शस्त्रक्रिया शक्य तो चोवीस तासांच्या आत व्हावी असा वैद्यांचा प्रयत्न असतो. बिंदू सुटून गेल्यावर घाई तासांवरून दिवसांवर येते, आणि याचे कारण एवढेच की जे वाचवावयाचे होते त्यातील पुष्कळसे तोपर्यंत गेलेले असते.

ज्यांची दृष्टी गेलीच, त्यांच्यासाठी परंपरेचे सांत्वन खरे आहे. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असतानाच अंध झाले, आणि १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवीपर्यंत त्यांनी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन जे पांडित्य संपादन केले आणि जे लेखन केले ते पाहिले म्हणजे त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणण्यात कोणतीही अतिशयोक्ती वाटत नाही. परंतु हे सांत्वन दृष्टी गेल्यानंतरचे आहे. ज्याची दृष्टी अजून वाचू शकते त्याला ते आगाऊ ऐकवणे म्हणजे त्याच्या हातातील दिवा विझवून त्याला अंधाराचे माहात्म्य सांगणे होय. ‘दृग्दृश्यविवेका’त आंधळेपणा, मंदपणा आणि तीक्ष्णता हे डोळ्याचे धर्म मनाला एकसारखे कळतात, आणि मनाचेही धर्म साक्षीला कळतात, असा जो क्रम लावलेला आहे, त्यातून डोळ्याविषयी बेपर्वाई निघत नाही. निघते ते हे, की डोळ्यात होणारा फरक कळून घेण्यास पाठीमागे कोणी तरी सदैव जागा आहे. ज्याला आपण साक्षी आहोत असे म्हणावयाचे आहे त्याने निदान आपल्याच देहात घडलेल्या गोष्टीची जबानी वेळेवर आणि खरी द्यावी.

एक गोष्ट राहिली. पीतबिंदू सुटल्यावर शस्त्रक्रिया झाली, पडदा उत्तम बसला, तरीही पुष्कळांना त्या डोळ्याने सरळ रेषा वाकडी दिसत राहते. न्यायमंदिराचे खांब, वहीच्या ओळी, दाराची चौकट, सर्व किंचित लवलेले. रेषा सरळ आहे हे त्या माणसाला पक्के ठाऊक असते, पण त्या ज्ञानाने दिसणे सुधारत नाही. दोरी ओळखताच साप नाहीसा होतो, परंतु मृगजळ हे मृगजळ आहे असे कळल्यावरही दिसतच राहते. या दुसऱ्या प्रकाराला वेदान्त्यांनी सोपाधिक भ्रम म्हटले आणि उपाधी दूर झाल्यावाचून तो जात नाही असे सांगितले. येथे उपाधी म्हणजे पेशींची एकदा विस्कटलेली रचना, आणि ती कित्येकदा कायमचीच राहते. असा रोगी दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर पुढील आयुष्य काढतो, आणि तो दुसरा डोळाही सामान्य माणसाच्या डोळ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो. म्हणून त्याचीही बाहुली मोठी करून, पडद्याच्या कडेपर्यंत, ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते, आणि त्या डोळ्यात नवी चमक दिसली तर त्याच दिवशी जावे लागते.